फाउंड्रीचे जुने पॅटर्न सरपणात जाऊ नयेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीची (ओतकामाच्या कारखान्याची) मालकी बदलली आणि नव्या कचेरीसाठी जागा मोकळी करताना माळ्यावर रचलेले सागवानी पॅटर्न, म्हणजे साच्याच्या वाळूत वस्तूचा आकार उमटवणारे लाकडी नमुने, सरपणाच्या भावाने विकले गेले, हे मी डोळ्यांनी पाहिले. त्यांतले काही माझ्या हातचे होते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसते, म्हणून पॅटर्न तेवढ्या मापाने मोठा धरावा लागतो. हाच हिशेब करण्यात माझी सारी नोकरी सरली. आता तिथे निळी काच आणि अॅल्युमिनियमचा पत्रा लावलेली कचेरी उभी आहे, आणि तिच्या मागे भट्टी पेटते की कापड विकले जाते, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला समजत नाही. बेळगावात नव्या कचेऱ्या बांधणाऱ्या उद्योजकांपुढे म्हणूनच एका इमारतीचा दाखला ठेवावासा वाटतो.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मोलाइन येथे डीअर अँड कंपनी या शेतीयंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय आहे. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख विल्यम ह्युइट यांनी १९५७ साली हे काम ईरो सारिनेन या वास्तुरचनाकाराकडे सोपवले. सारिनेन यांनी आधी उलट्या पिरॅमिडसारखा आराखडा केला, पण तो मागे पडला. नंतर त्यांनी जागेच्या चढउतारांकडे पाहून मुख्य इमारत दोन टेकाडांमधल्या घळीत बसवली, तिच्यासमोर तळी राखली आणि प्रदर्शनाची इमारत काचेच्या पुलाने तिला जोडली. तळ्यांचे पाणी शोभेपुरते नाही. वातानुकूलनाची उष्णता उतरवण्यासाठीही ते वापरले जाते. झाडे आणि जमिनीची आखणी हिदेओ सासाकी यांची. बांधकाम नुकतेच हाती येत असताना, सप्टेंबर १९६१ मध्ये, वयाच्या अवघ्या ५१व्या वर्षी सारिनेन वारले. केव्हिन रोश आणि जॉन डिंकेलू या त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुरे केले आणि १९६४ साली मुख्यालय सुरू झाले.

आमच्या धंद्यातल्या माणसाला त्या इमारतीत सर्वांत जास्त विचार करायला लावते ते तिचे पोलाद. खांब, तुळया, उन्हाची तिरीप अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या, सारे रंग न देता उघडे ठेवले आहे. हे कॉर्टेन नावाचे पोलाद तोवर प्रामुख्याने रेल्वेच्या मालडब्यांसाठी वापरले जाई. त्यात तांबे, क्रोमियम यांसारखे धातू थोड्या प्रमाणात असतात, त्यामुळे वरचा गंज सुटून न पडता घट्ट बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. एवढ्या मोठ्या इमारतीला ते वापरण्याचे धाडस त्याआधी कोणी केले नव्हते. मात्र भिजणे आणि सुकणे आलटून पालटून झाले तरच हा थर नीट धरतो. मृगापासून हस्तापर्यंत ओल न हटणाऱ्या खानापूरच्या बाजूला कोणी देखाव्यासाठी तोच पत्रा आणून लावला, तर तो सडत जाईल. नांगर बनवणाऱ्यांनी आपली कचेरी उघड्या लोखंडात उभी केली, यात जो विचार आहे तो मात्र आपल्याला परका वाटू नये.

कारण ही कहाणी आपल्याही मातीची आहे. जॉन डीअर या लोहाराने १८३७ साली करवतीच्या मोडक्या पात्यापासून नांगर घडवला, तो तिथली चिकट माती फाळाला धरून राहू नये म्हणून. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज त्याच्याही आधीपासून अमेरिकेतल्या शेतकऱ्यांत होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला, तेव्हा आपल्या शेतकऱ्यांनीही अगदी हेच म्हटले आणि नांगर खपेना. पुढे १९१० साली तो कारखाना औंध संस्थानात, किर्लोस्करवाडीला गेला. बेळगावात आजही ओतकामाचा धंदा एवढा मोठा आहे, पण या आरंभाची खूण आमच्या कचेऱ्यांच्या दर्शनी भागात मला कुठे दिसलेली नाही.

मोलाइनला प्रदर्शनाच्या दालनात अलेक्झांडर जिरार्ड यांनी एक लांबलचक भिंत सजवली आहे. तिच्यावर १८३७ ते १९१८ या काळातील २,०००हून अधिक वस्तू मांडल्या आहेत: अवजारांचे भाग, कागदपत्रे, जाहिराती, शेतघरातल्या चिजा. एवढा खर्च आपल्याला झेपणार नाही, आणि त्याची गरजही नाही. उद्यमबागेत ज्यांची कचेरी नव्याने होत आहे, त्यांनी दर्शनी भागातली एक भिंत जुने पॅटर्न, कोअर बॉक्स (ओतीव वस्तूतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा घडवायचे साचे), पहिली ओतीव वस्तू आणि जुन्या ओताऱ्यांची छायाचित्रे यांसाठी राखावी. आणि उद्योजकांच्या संघटनेने, मोडीत काढायच्या वस्तू भंगारवाल्याकडे जाण्याआधी एकदा जुन्या कारागिरांना दाखवाव्यात, असा परिपाठ घालून द्यावा. कोणत्या लाकडाचा कोणता भाग कशासाठी होता, हे सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

त्या दिवशी सरपणाच्या ढिगातून पंपाच्या केसिंगचे तीन पॅटर्न मी विकत घेऊन घरी आणले. कोणी भिंत राखली, तर ते मी विनामोबदला आणून देईन आणि त्यांच्यावरच्या खुणांचा अर्थही लिहून देईन.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, बेळगाव