व्हिटवर्थच्या कबरीपाशी

प्रिय संज्या,

अरे आपण आयटीआयला घोकायचो ना, अर्ध्या इंची बोल्टला दर इंची 12 आटे, आट्याचा कोन 55 अंश, ते आटे ज्याचे त्या इंग्रज इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थची कबर बघून आलो! इंग्लंडात डर्बीशायरमध्ये डार्ली डेल म्हणून गाव आहे, तिथल्या सेंट हेलेन चर्चच्या आवारात. त्याच आवारात यू जातीचं एक भलंमोठं जुनं झाड आहे आणि बघायला येणारे बहुतेक त्या झाडासाठीच येतात, मला लई वाईट वाटलं बघ.

1803 चा जन्म, स्टॉकपोर्टचा. लंडनला यंत्रं बनवणाऱ्या हेन्री मॉड्स्लेच्या शॉपमध्ये हातानं काम केलं, मग 1833 ला मँचेस्टरला स्वतःचं वर्कशॉप. तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही, तर यानं ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, मोजले, सरासरी काढली आणि 1841 मध्ये सगळ्यांसाठी एकच माप मांडलं. आणि सरफेस प्लेट आठव, सपाटी तपासायची ती लोखंडी पाटी, निळं लावून उंच भाग खरवडताना खांदे भरून यायचे. दोन प्लेटा एकमेकींवर घासल्या तर एक फुगीर आणि एक खोलगट होऊनसुद्धा त्या नीट बसतात, म्हणून तिसरी घ्यायची आणि तिन्ही आलटूनपालटून जुळवायच्या, मगच खरी सपाटी मिळते. ही पद्धत यानंच रुळवली. नुसत्या हातानं रे! मला त्याचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. पुढे बंदुका-तोफाही केल्या त्यानं, तो भाग मला नाही आवडत.

1887 ला मोंटे कार्लोला वारला, पण पुरलं इथे, कारण घर याच गावात होतं, स्टॅन्क्लिफ हॉल. दोन लग्नं झाली, मूलबाळ नाही. पण 1868 मध्येच त्यानं मोठी रक्कम स्कॉलरशिपसाठी दिली, अट काय तर पोराला पुस्तकी ज्ञानही हवं आणि हत्यारावर हातही बसलेला हवा. ती स्कॉलरशिप अजून चालू आहे. आपल्यासारख्या फिटर पोरांचा एवढा विचार त्या काळात किती मालकांनी केला असेल सांग.

शिरोलीत अजून चार सुती, म्हणजे अर्धा इंची, बीएसडब्ल्यूचे (या व्हिटवर्थच्याच मापाचे) आटे पाडायचे टॅप मागतात का रे? तुझ्या शॉपमधल्या पोरांना हा माणूस कोण होता ते सांग, मी फोटो पाठवतो. वहिनींना नमस्कार, आणि तू सविस्तर लिही.

तुझाच,
नंद्या