स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू न देणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

काचबिंदूमुळे माझी दृष्टी बरीचशी गेली, तेव्हा कार्यालयाने माझ्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज ठेवला. ‘सही करण्याआधी दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20 ऐकून घ्या’ असे म्हणून आपण मला थांबवलेत, त्याबद्दल मी आपले जाहीर आभार मानतो. सही झाली असती, तर कागदोपत्री ती माझीच इच्छा ठरली असती आणि पुढे दाद मागणे फार अवघड झाले असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 आम्हा कर्मचाऱ्यांना ठाऊक असतो तो भरतीतील आरक्षणापुरता. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढू नये व त्याची पदावनतीही करू नये. जुने काम जमत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसरे पद द्यावे. आणि तेही शक्य नसल्यास योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य (म्हणजे मंजूर पदांहून जादा) पदावर ठेवता यावे, ही पोटकलम 4 मधील तरतूद आपण मला शब्दन्‌शब्द वाचून दाखवलीत.

‘निवृत्तिवेतन मिळेलच, मग हरकत कसली?’ असे वरिष्ठ म्हणत होते, आणि ते सहानुभूतीनेच म्हणत असल्यामुळे मला उत्तर देणे अधिकच जड जात होते. आपण त्यांच्यापुढे कुणाल सिंग खटल्याचा 2003 चा निकाल ठेवलात. पाय गमावलेल्या त्या कॉन्स्टेबलला रुग्णता निवृत्तिवेतन (सेवेस असमर्थ ठरल्यामुळे मिळणारे) मिळाले होते. तरीही तेवढ्या कारणाने 1995 च्या जुन्या अपंग कायद्यातील कलम 47 चे, म्हणजे आजच्या कलम 20 सारखेच, संरक्षण नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले आहे. त्यानंतर चर्चा माझ्या निवृत्तीची न राहता मला कोणते काम देता येईल याची झाली.

वाजवी सोय, म्हणजे अपंगत्वानुसार आवश्यक ते फेरबदल, नाकारणे हाही 2016 च्या कायद्याने भेदभावच आहे, हे आपण लेखी मांडल्यामुळे माझ्या संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर बसवले गेले. ते मोफत मिळते. अडचण खर्चाची कधीच नव्हती. आज मी आवक-जावक आणि पत्रव्यवहार सांभाळतो, वेतनश्रेणीही तीच आहे.

याच कायद्याच्या कलम 23 नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने नोंदवलेल्या तक्रारीची दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. त्यासाठी आपण तयार केलेला अर्जाचा मसुदा इतर कार्यालयांतील कर्मचाऱ्यांना देण्याची अनुमती असावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक शासकीय कर्मचारी