घरी माहीत आहे का?

प्रिय शमे,

सहा महिन्यांत माझी एक ओळ नाही, तेव्हा आधी शिव्या घालून घे आणि मग वाच. गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू, बाकी बरं.

लिहायला बसले कारण गेल्या आठवड्यात मी बाईंचं वाक्य बोलले. आपल्या होस्टेलच्या बाईंचं. शब्दन्‌शब्द तेच.

झालं असं, यंदा पहिल्या वर्षाच्या पोरांपुढे गर्भनिरोधनावर बोलायला ऐन वेळी मलाच उभं केलं. निनावी चिठ्ठ्यांसाठी डबा ठेवला होता. एकाने विचारलं, दोन कंडोम एकावर एक घातले तर दुप्पट सुरक्षित का? (नाही गं, घासून फाटतात.) दुसऱ्याने, पाकिटात वर्षभर ठेवलेला चालेल का? बिचारा आशावादी. आणि एक चिठ्ठी इतकी बारीक घडी घातलेली, की उलगडायला नख लावावं लागलं : ‘मीच आणला तर तो काय म्हणेल?’

मी आकडे ठोकले. कंडोम दर वेळी आणि नीट वापरला तर वर्षभरात १०० जोडप्यांत दोघींना दिवस जातात. माणसं जसा वापरतात तसा वापरला तर १३ जणींना. नुसतं ‘सांभाळून घेणाऱ्यां’च्यात, म्हणजे ऐन वेळी बाहेर काढून घेणाऱ्यांच्यात, २० च्या आसपास. पोरं हसली, मी फुगले. फळा दिसला की माझ्या अंगात येतं, हे तुझंच निदान. ते मान्य. पण निळी छत्री तूच हरवलीस, ते तूही एकदा कबूल कर.

तर त्या मंगळवारी रात्री नऊला दार वाजलं. “मॅडम, एका मैत्रिणीसाठी विचारायचंय.” ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतेय, सोडतेय. आणि माझ्या तोंडून काय यावं? “घरी माहीत आहे का?”

शमे, तिचा चेहरा बघितला आणि मला तू दिसलीस. पलंगाच्या कडेला, चप्पल न काढता. त्या रात्री मी बाईंना काय काय म्हणाले होते, आठवतंय ना?

“नको मॅडम, राहू दे,” म्हणून ती जिना उतरायला लागली. मी गुडघ्यासकट मागे धावले. पायरीवरच बसलो. रविवार दुपारची गोष्ट होती, म्हणजे ५५ तास उलटलेले. संबंधानंतर दिवस जाऊ नयेत म्हणून घ्यायच्या गोळीला मुदत ७२ तासांची, आणि जितकी लवकर तितकी बरी. ही एवढा वेळ का थांबली? तर ती गोळी घेतली की पुढे मूलच होत नाही, असं कुणीतरी सांगितलेलं. मी म्हटलं, अगं, ती फक्त बीजांड बाहेर पडणं लांबवते. गर्भ राहिलाच असेल तर तो पाडतही नाही, पुढचं काय बिघडवणार?

मग विचारलं, आधीच काही का नाही वापरलं? चर्चेत हात वर करून बोलणारी मुलगी ही. म्हणाली, “तयारीने गेले असते तर तो म्हणाला असता, ही सराईत दिसते.” म्हणजे बघ, पिशवीत कंडोम असलेली मुलगी वाईट आणि चुकून अडकलेली साधी! आकडे सगळे पाठ होते तिला, माझ्याच भाषणातले. त्यांचा काही उपयोग नव्हता. हे वाक्य कुठल्या तक्त्यात बसवू, सांग. आणि तो? तो म्हणे परीक्षेच्या गडबडीत आहे.

दुकानात मीच पुढे झाले. पन्नाशीची बाई ती गोळी मागते म्हटल्यावर दुकानदाराने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. इतक्या मोठ्या वेष्टनात एवढीशी गोळी. माझ्याच बाटलीतल्या पाण्याने तिने घेतली आणि हसली. तरीही ते वाक्य माझ्या तोंडून गेलंच ना. बाईही वाईट नव्हत्या, घाबरल्या असतील, असं आता वाटतं. तुला राग येईल. येऊ दे.

तुझ्या बदलीचं काय झालं? नानांचं ऑपरेशन पार पडलं ना? फोन करते, नक्की.

पाळी आली नाही तर तीन आठवड्यांनी तपासणी करायची, असं ठरलंय. आज नववा दिवस. ती जेवणघरात दिसते, मान हलवते : अजून नाही. मी कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करतेय, तेव्हा तुझ्यासाठी करायचे तशाच, अगदी बारीक.

तुझी,
मंदी