वासा घेतोस का?

दापोली,
त्रिपुरी पौर्णिमा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "क्लबच्या छपराला नक्की किती लागतील?" आणि नेमकी माझी एसटी आली. आता सविस्तर लिहितो. वाचून झालं की तुला कामाला लावणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पोरांना शिडाच्या होड्या शिकवणाऱ्या आपल्या क्लबची इमारत तुझ्या डोळ्यांसमोर असेलच. पुढची खोली आणि पडवी जांभ्याच्या चिऱ्याची, वर मंगलोरी कौलं. मागे होड्यांसाठी स्लॅबची शेड, आपण कॉलेजात असताना बांधलेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं अर्धी कौलं उडवली, तेव्हा ताडपत्री आणि मिळतील ते पत्रे टाकून वेळ मारून नेली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते समुद्रातूनच वर सरकलं, तरी जाता जाता ताडपत्री घेऊन गेलं. तेव्हापासून दरवर्षी एकच पालुपद: गणपतीनंतर बघू. यंदा अखेर गवंड्याला वर चढवला. त्यानं आढ्यावर हातोडीनं दोन-तीन ठिकाणी ठोकलं, कान लावला, आणि एक शब्द न बोलता खाली उतरला. बिडी पेटवून मग म्हणाला, "आतून वाळवीनं खाल्लंय. नुसता रंग उभा हाय."

गंमत बघ, जुन्या चिऱ्याच्या भिंती ठणठणीत आहेत. दुखणं सगळं नव्या शेडचं. आतल्या सळया गंजल्यात, आणि गंजलेली सळई फुगते, ती काँक्रीट फोडून बाहेर येते. खारी हवा तर आहेच, पण ती वाळू आठवते ना? किनाऱ्यावरून बैलगाडीनं आलेली, खारट पण फुकट? तेव्हा त्या दात्याचा नारळ देऊन सत्कार झाला होता. गेल्या श्रावणात त्याच स्लॅबचा परातीएवढा पोपडा पोरांच्या ऑप्टिमिस्टवर, म्हणजे त्या छोट्या शिडाच्या होडीवर, पडला. रात्रीची वेळ, म्हणून निभावलं. त्या दिवसापासून शेडला कुलूप आहे आणि होड्या माडांखाली पालथ्या पडल्यात.

पडवीचं म्हणशील, तर ती पावसाळ्यातच खरी लागते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, खलाशी घरी. तेव्हाच ते येऊन शिडं शिवतात, दोर बदलतात, फुटलेल्या होडीला फायबर मारतात. पगारी माणूस आपल्याकडे एकही नाही. वर्गणीतून लाइफ जॅकेटं आणि दोर निघतात, बस्स. लोकांना 'क्लब' म्हटलं की १८४६ सालचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब आठवतो आणि वाटतं, यांना काय कमी! आपल्याकडे खुर्च्यासुद्धा देवळातून मागून आणाव्या लागतात.

तर अंदाज बारा लाखांचा निघाला. मंडळींचे चेहरे पडले. तेवढ्यात एक बाहेरचे रिसॉर्टवाले भेटायला आले. सगळा खर्च मी करतो म्हणाले. दर्शनी भिंतीवर त्यांचं नाव, आणि शनिवार-रविवार पडवी त्यांच्या पाहुण्यांना. माणूस वाईट नाही, बोलायलाही सरळ. पण शनिवार-रविवार म्हणजे आपल्या पोरांच्या शिकण्याचेच दिवस!

देवळाच्या सभामंडपात बैठक झाली आणि चांगलीच तापली. तरुण मंडळी म्हणाली, पैसे घ्या, नाव काय खातंय? त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. नाव मला फारसं डाचत नव्हतं. मला डाचत होता तो शनिवार. एकदा दुसऱ्यानं छप्पर घातलं की पडवीत बसायचं तर विचारून बसावं लागतं. मी हे दहा मिनिटं लांबण लावून सांगत होतो. तेवढ्यात मागे बसलेली बंदरावरची मावशी उठली. तिची नात आपल्याकडे शिकते. कनवटीची पुरचुंडी सोडून पाचशेची नोट तिनं खजिनदारासमोर ठेवली. "मी दिले. आता पावती फाड. माज्या नावाची, पोराच्या नको." वाद तिथंच मिटला असं समजू नकोस, अजून तासभर चालला. पण खजिनदाराला पावतीपुस्तक आणायला घरी जावं लागलं, आणि तो परत येईपर्यंत आणखी काहीजण पैसे काढून बसले होते.

मग ठरलं असं. 'इमारत निधी' मागितला की लोक मान डोलावतात आणि घरी जातात. म्हणून इमारतच सुटी करून विकायची. कौल शंभर रुपये, रीप पाचशे, वासा पाच हजार. कौलाच्या खालच्या अंगाला घेणाऱ्याचं नाव रंगानं लिहायचं, म्हणजे पडवीत आडवं पडलं की वर वाचता येईल. रिसॉर्टवाल्यांनाही सांगून आलो: वासे हवे तेवढे घ्या, शनिवार नाही. त्यांनी चार घेतले. हे मला खरंच अपेक्षित नव्हतं.

आढ्याचीही सोय झाली. खालच्या वाडीतल्या आजोबांचा फणस निसर्ग वादळात उन्मळला होता. त्याचे ओंडके त्यांनी तेव्हाच कापून गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवले होते. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड आज वखारीत पैसे मोजून मिळत नाही. बघायला गेलो तर आजोबांनी रंध्यानं एक फळी जरा तासून दाखवली. आतून हळदीसारखी पिवळीधमक निघाली. वस्तुरूप देणगी आता सुतार-गवंड्याला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, असा ठराव केलाय (वाळूचा धडा!), पण फणसावर दोघांनीही डोळे झाकून सही केली.

पाया आणि आकार जसाच्या तसा ठेवतोय. समुद्राला इतकं लागून आहोत की किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या सरकारी नियमांच्या फेऱ्यात अडकायचं नाही. पंचक्रोशीतलं नमन मंडळ, आपल्या कोकणी लोकनाट्याचं, बिदागी न घेता एक खेळ करणार आहे. वडे-चहा बचत गटाकडे, नफा अर्धा अर्धा. गवळण आणि संकासुर असले की माणसं येतात, त्याची मला काळजी नाही.

आता तुझं काम. डोंबिवलीला आपल्या गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाची सभा आहे ना, तिथं उभा राहा. भाषण नको, वाशांचा हिशेब सांग. संस्था नोंदलेली आहे आणि देणगीवरच्या करसवलतीची मान्यताही आहे. पण दोन हजारांवर रोख दिली तर करात सवलत नाही, आणि ज्यांनी नवीन करप्रणाली घेतलीय त्यांना ती तशीही मिळत नाही. भलतं आश्वासन देऊ नकोस. दुबईवाल्यांचं नीट विचारून घे. भारतीय पासपोर्ट आणि स्वतःच्या कमाईचे पैसे बँकेतून आले तर प्रश्न नाही. पण कुणी परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी होते, त्याची नोंदणी आपल्याकडे नाही. अशांना गोड बोलून नाही म्हण.

आणि कुणी कुत्सितपणे विचारलंच, की कोळ्याकुणब्यांच्या पोरांना शिडाच्या होड्यांचे चोचले कशाला, तर ऑप्टिमिस्टची जन्मकथा सांग. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स नावाच्या होडीवाल्यानं ती काढली, ती सामान्य घरातल्या पोरांना बापाबरोबर घरी ठोकता यावी म्हणून, साध्या प्लायवूडची. नावही तिथल्या एका सेवाभावी क्लबचं. सव्वादोन मीटरहून जराशीच लांब असलेली ती पेटी आज जगभर पोरं पंधराव्या वर्षापर्यंत हाकतात. हर्णैच्या बंदरात वाढलेल्या, रोज सुवर्णदुर्ग बघणाऱ्या पोरीला ती परवडू नये, हे मला तरी पटत नाही.

पैशांची निम्मी मजल झाली की वासे चढवायला सुरुवात करायची. पाऊस टेकायच्या आत, मे संपेपर्यंत कौलं बसलीच पाहिजेत. तुझा एक वासा मी धरून चाललोय, विचारलेलं नाही.

पावतीपुस्तक उद्याच्या बोरिवली गाडीच्या कंडक्टरकडे देतोय, सकाळी उतरवून घे. कार्बन नीट घाल, गेल्या वेळी स्थळप्रती कोऱ्या आल्या होत्या. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
तोच