अंदमानात सेवेला निघणाऱ्या जोडप्यांसाठी

संपादक महोदय,

निवृत्तीनंतर वर्षभर अंदमानात सेवाकार्याला जावं, असा विचार करणारी जोडपी आपल्या वाचकांतही असतील. विवेकानंद केंद्रासारख्या संस्थेत निवृत्तांना वानप्रस्थी कार्यकर्ता म्हणून काम करता येतं, आणि केंद्राच्या शाळा त्या बेटांवर आहेत. कोणत्याही संस्थेकडे अर्ज करताना लोक ‘तिथे काय शिकवायचं’ ते विचारतात. ‘तिथे घर कसं चालतं’ हे विचारायचं राहून जातं. आमच्या मते टिकणं न टिकणं ठरतं ते या दुसऱ्या प्रश्नावर.

आधी घड्याळ. वेळ भारतीय प्रमाणवेळच, पण सूर्य पुण्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. जूनमध्ये पाचच्या आत उजाडतं. डिसेंबरात संध्याकाळी पाचलाच दिवस बुडतो. पुण्यातलं वेळापत्रक तिथे नेलं की सकाळचा सगळ्यात कामाचा वेळ झोपेत जातो. पाणी, धुणं, बाजार आठच्या आत उरकावं. मुलांचा अभ्यासवर्ग साडेतीनला सुरू करावा. साडेपाचला ठेवला तर लहान मुलांना अंधारातून घरी जावं लागतं आणि आठवड्याभरात पटसंख्या निम्मी होते.

खरा वेळ खातं ते पाणी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मे ते डिसेंबर दोन्ही मान्सूनचा. तरी जानेवारी ते एप्रिल ओढाताण असते, कारण उतार तीव्र, समुद्र जवळ, पाणी थांबायला जागाच नाही. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, मुख्यतः धनीखाडी धरणावर अवलंबून. उन्हाळ्यात तिथेही नळ काही दिवसांआड येतो. दोन माणसांना काटकसरीने रोज १२० लिटर लागतात. चार दिवस नळ आला नाही तर ४८० लिटर. म्हणून पाचशे लिटरची साठवण ही किमान गरज, हजाराची असली तर चिंता नाही. ४० चौरस मीटर पत्र्यावर २५ मिलिमीटरची एक सर पडली की हिशेबाने हजार लिटर होतात. उडालेलं, गळालेलं वजा जाता आठशे हाती लागतात. पन्हळीतले पहिले वीस-पंचवीस लिटर सोडून द्यायचे, त्यात पाला, पाखरांची घाण आणि पत्र्यावरचा खार असतो.

साठवलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधावी आणि वापराचं पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून खसाखसा घासावं. नुसतं ओतून दिल्याने भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात. कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात आणि पिंप पुन्हा भरलं की फुटतात. पिण्याच्या टाकीत हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर: आधी भांड्यात कालवावी, गाळ बसू द्यावा, वरचं पाणी टाकीत ओतून तासभर थांबावं. पावडर ताजी हवी. दमट हवेत उघड्या पिशवीतला क्लोरीन उडून जातो आणि आपण निर्धास्तपणे चुना घालत राहतो.

या दमटपणाने म्हाताऱ्या माणसांच्या वस्तू आधी बिघडतात, कपडे-चपलांची बुरशी त्यामानाने किरकोळ. कानाचं मशीन रात्री घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावं. निळे मणी गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करता येतात. रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर आकडे चुकीचे येतात, आणि त्या चुकीच्या आकड्यांवरून गोळी कमी-जास्त केली जाते, धोका तिथे आहे. थायरॉईडच्या गोळ्या आठवड्याच्या खणांच्या डबीत काढून ठेवायची सवय सोडावी. मूळ बाटलीत किंवा पाकिटातच राहू द्याव्यात. इन्सुलिन वापरणाऱ्यांनी वीज बराच वेळ जाईल तेव्हासाठी ओल्या मातीच्या माठाची सोय करून ठेवावी. औषधं तीन महिन्यांची जवळ असावीत, कारण खवळलेल्या समुद्रात जहाजं रद्द होतात आणि छोट्या बेटांवरच्या दुकानांत आपलीच कंपनी मिळेल असं नाही. मोठं सरकारी रुग्णालय श्री विजयपुरमला. उत्तरेकडच्या दिगलीपूरहून तिथवर रस्त्याने तीनशेच्या वर किलोमीटर, त्यात जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून ठरावीक वेळीच, ताफ्यासोबत जावं लागतं. हृदयाचं दुखणं असलेल्यांनी उत्तरेकडची नेमणूक घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

पावसात लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती असते. शेतातून, गटारातून, साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नये, पायाला चीर असेल तर मुळीच नाही. ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि चिखलपाण्यात गेल्याचं आपणहून सांगावं. बूट, अंथरूण झटकून घ्यावं, घोण निघते.

खाण्याचे हाल होत नाहीत, पण भाजी बरीचशी जहाजाने येते आणि जहाज लांबलं की कांदा-बटाटा महागतो. रवा, पोहे, पीठ अर्धा किलोच्या वर आणू नये. रवा आणल्या दिवशीच भाजावा. ज्वारीचं पीठ महिन्यात खवट होतं. परसात मेथी-कोथिंबीर लावली तर पावसात कुजते. अळू, मायाळू, शेवगा, पपई मात्र न सांगता येतात.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. वरची सगळी कामं मिळून रोज चारेक तास घेतात. संस्था बोलावते जोडप्याला, शाळेत ‘सर’ होतात नवरोजी, आणि पाणी, धुणं, दमट पिठाशी झगडणं बाईंच्या वाट्याला येतं. ज्या बाई इकडे तीस वर्षं शाळेत किंवा बँकेत नोकरी करून निवृत्त झाल्या, त्यांच्या वाट्याला तिथे नुसत्या घराच्या चार भिंती येतात. अशा घरी कंटाळा येतो तो बाईंना आधी, आणि तो रास्त असतो. नेमणुकीच्या पत्रातच दोघांची कामं वेगवेगळी लिहिलेली हवीत: एकाकडे वर्ग, तर दुसऱ्याकडे ग्रंथालय, हिशेब किंवा बालवाडी. घरीही दोघांनी पाणी-स्वयंपाकाचे दिवस वाटून घ्यावेत. भाषेची अडचण फारशी येत नाही. हिंदी सगळीकडे चालते. दिगलीपूर-मायाबंदरकडे मुलांच्या घरी बंगाली जास्त.

एक विनंती संस्थांना. वर्षाची नेमणूक देण्याआधी जोडप्याला महिनाभर राहायला बोलवा, पण ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबरात टाक्या भरलेल्या असतात, हवा सुखाची असते आणि बेट सगळ्यांनाच आवडतं. आणि निघणाऱ्यांना: हयातीचा दाखला फोनवरून चेहरा दाखवून देता येतो, तो इथे असतानाच एकदा करून पाहावा. नाहीतर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी धावपळ होते.

आपले,
दोन निवृत्त कार्यकर्ते, सातारा