७१४२५८ नव्हे, ७१४२८५

संपादक महोदय,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत १४२८५७ या संख्येची गंमत वाचली. मजा आली, पण पाचाच्या ओळीत खडा लागला. १४२८५७ गुणिले ५ म्हणजे ७१४२५८ असं छापलंय. हवं ७१४२८५.

नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये माझी अख्खी नोकरी नंबर तपासण्यात गेली. सहा आकडे दिसले की डोळा अजूनही थबकतो. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल सगळ्यात लबाड. अंकांची बेरीज करून ताळा पाहा, दोन्हींची २७ च येते आणि चूक निसटते. या संख्येला मात्र स्वतःचा ताळा आहे. मधोमध तोडा: ७१४ अधिक २८५, झाले ९९९. तुमच्या छापील आकड्याचे होतात ९७२.

आता ‘दैवी संख्या’ या मथळ्याबद्दल. १ ला ७ ने भागत बसा. बाकी उरते ३, मग २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. सहाही बाक्या एकेकदा हजेरी लावून जातात आणि भागाकारात १४२८५७ चं रहाट फिरत राहतं. १ ऐवजी २ ला भागायला घेतलं, तर त्याच रहाटात आपण मधेच चढतो: २८५७१४. दोनापासून सहापर्यंत कशानेही गुणा, आकडे तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवात वेगळी. सातने गुणलं की ९९९९९९. तेराला हे जमत नाही. त्याच्या बारा बाक्यांच्या दोन टोळ्या पडतात, एकीतून ०७६९२३ येतात, दुसरीतून १५३८४६. यात देव कुठे आला? शाळेतला भागाकार आहे हो.

आणि नाशिकच्या पेपरात देवळालीचा उल्लेखच नाही? १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा आकडे तोडा, १२२४४९. उरले २०४०८. दोन्ही मिळवा, पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. हे द. रा. कापरेकर म्हणजे १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणारे आपले मास्तर. चार आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येणाऱ्या ६१७४ वालेही तेच.

निवृत्तीनंतर जेल रोडच्या बाजारात भाजीवाल्या मावशींनी सुट्टे म्हणून दिलेल्या दहाच्या नोटेवर मला ४२८५७१ सापडला, म्हणजे आपल्या संख्येची तिप्पट. नोट देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे. घरातून ऐकावं लागतं, ‘मेथीची जुडी आली असती.’

दुरुस्ती येत्या रविवारीच छापावी ही विनंती. नातीने तुमचं कात्रण वर्गाच्या फळ्याशेजारी चिकटवलंय, आणि मी पेनाने केलेली खाडाखोड तिच्या बाई मानायला तयार नाहीत.

आपला,
एक निवृत्त कामगार, नाशिकरोड