आठवणींना तारीख हवी, ठिकाण हवे आणि भाषाही हवी

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या काही आठवड्यांपासून वाचकांच्या आठवणीतल्या सोलापूरचे पान येते आहे. माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या आणि साखर पेठेत जन्म काढलेल्या माणसाला ते पान हातात घेतल्यावर चहा निवल्याचेही भान राहत नाही. सिद्धेश्वर तळ्याच्या काठची संध्याकाळ, सिद्धेश्वराच्या यात्रेतला म्हणजे गड्ड्यातला मौत का कुआँ, त्याच यात्रेत नंदीध्वज पेलताना बाराबंदी घातलेल्या तरुणांच्या मानेच्या ताणलेल्या शिरा, हे सगळे वाचकांनी मनापासून लिहिले आहे. तरीही हा मजकूर उद्या कुणी गावाचा इतिहास म्हणून उघडणार असेल, तर त्यात दोन उणिवा राहून गेल्या आहेत, असे मला वाटते. त्यातली दुसरी मला अधिक गंभीर वाटते, पण आधी पहिलीबद्दल लिहितो.

मागच्या एका अंकात एका वाचकाने, चार हुतात्म्यांना आपल्या सोलापुरातच, भुईकोट किल्ल्याजवळ फाशी दिल्याचे आपल्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिले होते, असे लिहिले आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी झाली, ही नोंदलेली गोष्ट आहे. म्हणून त्या आजोबांना खोटे पाडावे असे मात्र मी म्हणणार नाही. १९३० च्या मे महिन्यात ते आठ-दहा वर्षांचे असतील, तर त्यांनी काहीतरी भयंकर पाहिलेच असणार. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्यावरून लोक आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण मरण पावला. त्यानंतरचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल नावालाही उरला नव्हता. १२ मेपासून ३० जूनपर्यंत येथे लष्करी कायदा होता आणि डोक्यावरची गांधी टोपी हासुद्धा गुन्हा ठरत होता. त्या दिवसांत रस्त्यावर उभे असलेले सैनिक, कुणाच्या तरी डोक्यावरून हिसकावलेली टोपी आणि कानावर आलेला गोळीचा आवाज पोराच्या मनात साठले असतील, आणि आठ महिन्यांनी आलेली फाशीची बातमी त्या चित्रावर येऊन बसली असेल. पुढच्या सत्तर वर्षांत दोन्हींचे मिळून एकच दृश्य झाले असेल. नातवाने आजोबांना ‘फाशी कुठे झाली’ असे न विचारता ‘तुम्ही तेव्हा कुठे उभे होतात, कुणाचा हात धरला होता, घरी आल्यावर आई काय म्हणाली’ असे विचारले असते, तर आज आपल्या हाती लष्करी कायद्याच्या दिवसांचा एक अस्सल साक्षीदार राहिला असता. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, तिथे दोन पोलीस मारले गेले आणि त्याच आरोपावरून या चौघांवर खटला चालला. ती चौकी नेमकी कुठे होती हे आजूबाजूच्या घरांतून विचारून पाहण्याची वेळ आता फारशी उरलेली नाही.

म्हणून प्रत्येक आठवणीखाली लिहिणाऱ्याचा जन्म कोणत्या साली झाला, प्रसंग स्वतः पाहिला की ऐकला, आणि तो कोणत्या पेठेत, कोणत्या खुणेजवळ घडला, एवढे तरी छापावे. त्याला दोन ओळी पुरतात.

आता दुसरी उणीव. आजवर छापून आलेल्या सगळ्या आठवणी मराठी घरांतल्या आहेत. माझीही मातृभाषा मराठी आहे, त्यामुळे यात माझी तक्रार नाही, थोडी शरम मात्र आहे. ज्या ग्रामदैवताच्या यात्रेवर आपण पाने भरतो, त्या सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत. शहराच्या पूर्व विभागातले माग ज्यांनी चालवले ते पद्मशाली विणकर तेलंगणातून आले, आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा त्या गर्दीत मराठी शब्द शोधावा लागतो. चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे पत्रकार होते, ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवीत. चौघांची नावे एका दमात म्हटली तरी या शहराची घडण कळते. मग आठवणींच्या पानावर त्यातले एकच घर का दिसावे?

एक उदाहरण देतो. माझे वडील लक्ष्मी-विष्णू गिरणीत विणाई खात्यात होते. पहाटेचा भोंगा झाला की आई भाकरीचे पीठ मळायला घ्यायची. आमच्या घरात घड्याळ होते, पण ते भोंग्यावरून लावायचे असा शिरस्ता होता. पाळी संपवून वडील सायकलवरून घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापसाची पिंज बसलेली असायची, आणि मागांच्या खडखडाटाची सवय झाल्यामुळे ते साधे ‘पाणी दे’ हेसुद्धा गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे. ही माझी आठवण आपण कौतुकाने छापाल याची मला खात्री आहे. भोंग्याच्या आठवणी पानावर याआधी तीनदा येऊन गेल्या, चौथीही येईल.

पण आमच्या शेजारच्या घरी पुढच्या खोलीत हातमाग होता आणि मागच्या पडवीत त्या घरातली बाई विड्या वळायच्या. आम्ही मुले त्यांना अत्तम्मा, म्हणजे तेलुगूत आत्या, म्हणायचो. मांडीवर सूप, सुपात भिजवून ओलसर ठेवलेली तेंदूची पाने आणि एका कोपऱ्यात तंबाखू. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने त्याच मापाचे पान कापायचे, चिमूटभर तंबाखू त्यात लांबवून टाकायची, दोन्ही हातांच्या बोटांनी वळायचे, दोरा गुंडाळायचा आणि तोंडाशी पान आत दुमडून मिटवायचे. हे त्या बोलता बोलता करायच्या, हाताकडे पाहायच्याही नाहीत. संध्याकाळी विड्या कारखान्यात मोजून द्यायला गेल्या की त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या जात आणि त्यांचे पैसे मिळत नसत. त्या दिवशी घरी परतताना अत्तम्मा रस्ताभर तेलुगूत काय बोलत असत, हे मला तेव्हा कळले नाही आणि आता विचारायला त्या नाहीत. गिरणीच्या भोंग्यावर तीन लेख आणि हजारो बायकांनी उभ्या हयातीत वळलेल्या विड्यांवर एक ओळही नाही, हा कुणाचा दोष म्हणून मी सांगत नाही. त्या बायकांना आपले पान वाचता येत नाही आणि लिहिता तर त्याहून येत नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीला कामगार-आदिवासींच्या नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ही गोष्ट देशभर सांगण्यासारखी आहे. त्या वसाहतीत आज साठी-सत्तरीच्या किती बाया ओट्यावर बसलेल्या असतील, ते एकदा जाऊन पाहावे.

तेव्हा माझी विनंती अशी की तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतून आठवणी त्यांच्याच भाषेत मागवाव्यात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या नातवंडांनी मोबाइलवर आवाज टिपून घ्यावा, मराठी भाषांतर अंकात छापावे आणि मूळ आवाज जपून ठेवावा. भाषांतर करून देणारे या शहरात पैशाला पासरी आहेत. येथे कोणत्याही चौकातला पानवाला गिऱ्हाईक बघून तीन भाषा बदलतो. शाळांनीही हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांकडे सोपवायला हरकत नाही. निबंधाच्या वहीत ‘माझे गाव’ या विषयावर तीच ती वाक्ये लिहिण्यापेक्षा आजीला चार प्रश्न विचारणे त्यांनाही आवडेल.

वास्तूंबद्दल आपल्या पानावर पुष्कळ हळहळ व्यक्त झाली आहे, त्यामुळे मी थोडक्यात लिहितो. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आता तिच्या आवाराच्या नावापुरती राहिली आहे आणि मुरारजी पेठेतल्या तरुणांना हा मुरारजी कोण हे विचारले तर ते खांदे उडवतात. मुरारजी गोकुळदासांच्या गिरणीने या गावाला कामगारांचे गाव केले. एवढे दोन ओळींत सांगणारा फलक त्या पेठेत लागावा, म्हणून काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात अर्ज दिला होता. पोच मिळाली. पुढे तीन वेळा चकरा मारल्या, तेव्हा अर्ज संबंधित विभागाकडे गेल्याचे कळले आणि तो कोणता विभाग हे काही कळले नाही. असो. याउलट भय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे घर पाहावे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारलेला हा सोलापूरचा मुलगा. त्याचे घर स्मारक होऊन उभे आहे, म्हणून बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला दाखवायला आपल्याकडे एक दार तरी आहे. अत्तम्मांच्या पडवीचे स्मारक व्हावे असे माझे म्हणणे नाही. ती पडवी पाडून तिथे केव्हाच तीन मजले चढले. पण तिथे काय चालायचे हे कागदावर तरी यावे.

नियम दुसऱ्यांना सांगून स्वतः मोकळे राहणे बरे नव्हे, म्हणून वर सुचवलेल्या पद्धतीने माझी पहिली नोंद या पत्राबरोबर धाडतो आहे. जन्म १९५३. प्रसंग स्वतः पाहिलेला. ठिकाण साखर पेठ, मार्कंडेयाच्या रथाचा दिवस. साल १९६२ किंवा ६३, त्याहून नक्की सांगता येत नाही. अत्तम्मांनी त्या दिवशी विड्यांना सुट्टी दिली होती आणि आम्हा मुलांना ओट्यावर उभे करून रथ दाखवला होता. गर्दीने केलेल्या तेलुगू जयघोषाचा अर्थ मी विचारला, तेव्हा त्या हसल्या आणि माझ्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास होता, तो खोबऱ्याला लागला होता. त्यांची थोरली सून अद्याप पूर्व विभागातच राहते. मी मागच्या आठवड्यात त्यांना भेटून आलो. सांगायला त्या तयार आहेत, पण तेलुगूतच सांगेन म्हणाल्या. ध्वनिमुद्रणासाठी आपला प्रतिनिधी कधी येऊ शकेल ते कळवावे. मी त्यांच्या घरापर्यंत सोबत येईन.

कळावे,
आपला,
साखर पेठेतील एक जुना वाचक, सोलापूर